डोळे मिटू नका

डोळे मिटलेला माझा शेवटचा फोटो १९७४ सालचा आहे. एक नाही, तीन आहेत. तिन्ही मी जपून ठेवलेत, कारण त्यांच्यामुळेच माझं लग्न झालं.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. चामराजपेटेत माझ्या माहेरच्या घरापासून चार दुकानं सोडून एक स्टुडिओ होता. तिथे बिंदुमाधव नावाचा उंच, कोट घालणारा, भारी गंभीर चेहऱ्याचा मुलगा फोटो काढायचा. "रेडी. स्वल्प नगी," म्हणजे जरा हसा, असं म्हणत त्यानं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं आणि मला डोळा मारला. मी दचकून डोळे मिटले आणि नेमका तेव्हाच खटका पडला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यात काही दोष असेल. दया आली. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा दोष डोळ्यात नसून माणसात आहे हे ध्यानात आलं. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मी त्याची अशी काही हजेरी घेतली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला. चौथ्या वेळी मी डोळे फाडून बसले. भूकंप झाला असता तरी पापणी लवली नसती. ते ओळखपत्र अजून माझ्या बटव्यात आहे आणि त्यावर मी घुबडासारखी दिसते. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

तेव्हापासून कॅमेरा समोर आला की माझ्या पापण्या आपोआप थिजतात. शाळेत शिकवून परतले की मी स्टुडिओत यायची आणि गिऱ्हाइकांना दरडावायची, "डोळे मिटू नका." बसचे पास, रेशन कार्डं, मतदानाची कार्डं, अर्ध्या चामराजपेटेची ओळख माझ्या धाकाखाली काढलेली आहे. पुढे कचेऱ्यांमध्येच कॅमेरे बसले, मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि आमचं शटर खाली आलं. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. स्टुडिओ घराच्या खालीच आहे. रोज सकाळी मी शटर वर करते, कॅमेऱ्याची लाकडी तिपाई पुसते, अर्धा तास नुसती बसते. त्या अर्ध्या तासाशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे सरळच सांगते.

आता माझा मुलगा, सूर्यकांत. तो आणि माझी सून संयोगिता शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात. दोन वर्षं तो माझ्या मागे लागलाय की आई, चल आमच्याकडे. तिथे दारसुद्धा चेहरा बघून उघडतं म्हणे. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, माझं पेन्शन माझ्या नावावर येतं, त्यामुळे कोणाचं ऐकायची मला सक्ती नाही. हे त्यालाही माहीत आहे.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. पूर्वी मी बँकेत जायची. भीमाचार्य नावाचे मॅनेजर कार्ड बघायचे, मला बघायचे, "आहात की," म्हणायचे आणि सही ठोकायचे. ते निवृत्त झाले. यंदा गेले तर काउंटरवरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "अज्जी, एवढ्या रांगेत कशाला? मोबाइलवर घरबसल्या होतं. एक मिनिट."

सूर्यकांतनं हे ऐकलं आणि पैज लावली. "तीस तारखेला, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तू तुझ्या फोनवर हे करून दाखव. घरातल्या कोणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर वर्षभर मी एचएसआरचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर ट्रंक भरायची."

मी म्हटलं, "सरी, कबूल."

मला काय त्याचं? मी भाजी स्कॅन करून घेते, वीजबिल फोनवर भरते. आमच्या दाराशी फुलं विकणाऱ्या यल्लव्वाला तो पैसे आल्याची दवंडी पिटणारा डबा मीच लावून दिलाय. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर तळमजल्यावरच होतं.

रविवारी जेवून दोन वाजता खाली आले. स्टुडिओतला उजेड चांगला म्हणून फोन ह्यांच्या तिपाईवर ठेवला आणि यल्लव्वाच्या गजऱ्याच्या दोऱ्यानं करकचून बांधला. आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला, तोही टाकला. सगळं सुरळीत. मग पडद्यावर गोल वर्तुळ आलं, त्यात माझा चेहरा, आणि खाली सूचना: पापण्यांची उघडझाप करा.

मी बघत राहिले. फोन माझ्याकडे बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं कळवलं की समोर जिवंत व्यक्ती असल्याची खात्री पटत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा केला. मी मनात म्हणत होते, मीट, अगं मीट. कपाळाला आठ्या पडल्या, कान हलले, नाकपुड्या फुगल्या. पापण्या जागच्या जागी. फोन बाजूला वळवला की दोन्ही डोळे फडफडायला लागायचे, समोर आणला की पुन्हा घुबड. सात वेळा झालं तेव्हा मी बाहेर जाऊन यल्लव्वाला हाक मारली. ती घरातली नाही, त्यामुळे अट मोडत नव्हती.

यल्लव्वा बेळगावकडची. टोपली उचलून ती आत आली आणि म्हणाली, "एवढंच होय? डोळं मिटायला कुणी शिकवाय लागतंय काय, अक्का?"

तिनं माझ्या कानाशी टाळी वाजवली. काही नाही. पदरानं तोंडावर वारा घातला. काही नाही. मूठभर झेंडू भिरकावला. केसांत पाकळ्या, मांडीवर पाकळ्या, डोळे सताड उघडे. मग ती वर जाऊन कांदा आणि विळी घेऊन आली आणि तिपाईखाली बसून चिरायला लागली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पापणी हलली नाही. फोन म्हणाला, उजेडात या.

"थांब, मला बसू दे बघू," यल्लव्वा म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली. तिच्या पापण्या अशा काही उडायला लागल्या की फोनची लगेच खात्री पटली, समोर जिवंत माणूस आहे. फक्त ते कृष्णाबाई, म्हणजे मी, नाही; चेहरा जुळत नाही.

"म्हंजे मी जित्ती हाय म्हणतंय," यल्लव्वा फार खूश होऊन म्हणाली.

"तू आहेस. कृष्णाबाई नाहीये."

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की मागच्या पडद्याला धरावं लागलं. त्या पडद्यावर कारंजं रंगवलेलं आहे आणि त्याच्यापुढे अर्ध्या गावाची लग्नं ठरलीत. हसताना माझे डोळे घट्ट मिटले होते, पण तेव्हा मी वर्तुळात नव्हते. घाईघाईनं खुर्चीत येऊन बसले तर हसू गेलं आणि डोळे पुन्हा उघडेच.

पाच वाजले तसं हसू सरलं. मला भीती वाटायला लागली. अकराव्या मजल्याची नाही; लिफ्ट आहे, माणसं चांगली आहेत. पण सकाळी हे शटर कोण उघडणार? ती तिपाई कोण पुसणार? घरातून मी गेले की चार महिन्यांत ती भंगारात जाईल, आणि ते कोणाच्या वाईटपणानं नाही, नुसतं राहून गेलं म्हणून. मी फोनकडे बघून म्हटलं, मेल्या, आहे रे मी. त्यालाही त्यानं पुरावा मागितला.

साडेपाचला सूर्यकांतची गाडी आली. डिकीत रिकामे खोके होते, म्हणजे तयारीनिशी आला होता. मागोमाग संयोगिता. माझ्या केसांतल्या पाकळ्या, लाल डोळे आणि तिपाईखालचा कांदा बघून तो हसू दाबत म्हणाला, "झालं का, आई?"

"वेळ आहे अजून," मी म्हटलं.

"अर्धा तास आहे. मी काही बोलत नाही."

संयोगिता पुण्याची. आमचं गूळपीठ कधी जमलेलं नाही. ती माझ्या सांबाराला आमटी म्हणते. पण ती माझा पदर नीट करायच्या निमित्तानं जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, काहीही करा, पण जिंका. तुम्ही आमच्याकडे आलात तर रविवारी मी कुठे पळून येऊ?" एवढं बोलून ती माझ्यामागे, कारंज्याच्या पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी तिचा हात दाबला आणि लगेच मला स्वतःचा रागही आला, कारण सून आवडायला लागायची ही वेळ नव्हती.

पावणेसहा वाजले. सूर्यकांत तिपाईमागे गेला. तिथे ह्यांचं उंच स्टूल आहे, त्यावर तो बसला.

"हात लावायचा नाही हं," मी बजावलं.

"नाही लावत. बसून बघतो फक्त."

मी पुन्हा बटण दाबलं. वर्तुळ आलं. पापण्यांची उघडझाप करा. मी डोळे फाडून बघत होते, आणि फोनच्या वरून सूर्यकांतचं डोकं दिसत होतं. पन्नाशीला टेकलाय तो. कानशिलं पिकलीत, चेहरा गंभीर ठेवायचा अगदी प्रयत्न चाललेला. त्यानं माझ्या खांद्यावरून बायकोकडे बघितलं. आपण जिंकलो हे तिला सांगायचं होतं, आणि ते बोलायची बंदी होती.

त्यानं डोळा मारला.

उजवा. आधी भुवई किंचित वर, मग डोळा, आणि बाकीचा चेहरा तसाच देवळातल्यासारखा. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. ह्यांनी मला तीनदा जो मारला होता तोच, त्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून.

मी दचकले आणि माझे डोळे मिटले.

टिंग झालं. वर्तुळ हिरवं झालं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर माझं नाव होतं, दाखल्याचा क्रमांक होता आणि मी हयात असल्याचं लिहिलेलं होतं. यल्लव्वानं उरलेला सगळा झेंडू माझ्या डोक्यावर ओतला. संयोगिता खाली वाकून इतकी हसत होती की तिला उभं राहता येईना. मी पण हसत होते. रडत पण होते, पण ते कांद्यावर खपून गेलं.

"झालं कसं?" सूर्यकांत स्टुलावरून न उतरताच विचारत होता. "आई, दुपारपासून होत नव्हतं ना?"

खरं सांगायचं तर मी पैज हरले होते. घरातल्या माणसाची मदत घ्यायची नव्हती, आणि मी तर घरातल्या दोघांची घेतली होती, त्यातला एक नऊ वर्षांपूर्वी गेलेला. चौतीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलंय. पण त्या क्षणी मी ते कबूल केलं नाही.

"अभ्यास केला," मी म्हटलं. "आता खोक्यांमध्ये तुमच्या घरची रद्दी भरा."

तो मान हलवत हसला. पैज पाळणारा आहे, तेवढं माझ्यावर गेलाय. संयोगिता वर कॉफी करायला गेली आणि यल्लव्वा झेंडू वेचायला लागली. मी तिपाईचा दोरा सोडला, फोन काढून घेतला आणि पदरानं तिपाईची मूठ पुसली.

"सूर्या, पुढच्या तीस नोव्हेंबरलाही ये," मी म्हटलं. "आणि इथेच बस. याच स्टुलावर."

"का गं?"

"तुला तिथून चांगलं दिसतं," मी म्हटलं. तू तिथे बसलास की मला हे दिसतात, असं म्हणायचं होतं.