विषय काढला, खलास

माझ्या खोलीत अर्धवट राहिलेल्या वस्तूंचं एक दुकानच आहे म्हणा ना. खिडकीपाशी दुर्बीण उभी आहे, तिला आरसा बसवायचा राहिलाय. कपाटावर एक की-बोर्ड उलटा पडलाय. त्याची निम्मी बटणं सोल्डर केली आणि परीक्षा आली. नमाजाच्या वेळा सांगणारं एक घड्याळ बनवायला घेतलं होतं. ते फक्त संध्याकाळच्या मगरिबची वेळ सांगतं, तीही चुकीची. अम्मी खोली झाडायला आली की कमरेवर हात ठेवून उभी राहते.

"यातला एक तरी पुरा केलास काय रे? नायतर सगला भंगारात दे."

"सुट्टी लागली की करतो, अम्मी."

"खंयची सुट्टी? तुझी सुट्टी कवा येल ता अल्लालाच म्हाईत."

तिचं खरं आहे. कॉम्प्युटर सायन्सचं तिसरं वर्ष हे काय प्रकरण असतं ते तिला कसं सांगणार? एक असाइनमेंट टाकावी तर दुसरी तोंड वासून उभी. हौसेला वेळ मिळतो तो लॅब आणि जेवणाच्या मधला, आणि त्या वेळात माणूस फक्त नवीन काहीतरी सुरू करू शकतो. पुरं करायला निवांतपणा लागतो. मी राहिल, जन्म कतारमधल्या दोह्यातला, घर तिथल्याच बिन महमूद भागात, गाव बाणकोट. सुरू करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर पुरी करायची होती, कारण ती एकट्याची नव्हती.

ईशा साताऱ्याची. तिचे वडील बांधकाम कंपनीत तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेले, बिऱ्हाड अल सद्दला. एकदा लॅबमध्ये मी फोनवर अम्मीला विचारत होतो की आज म्हावरा कुठला आणलाय, तर पुढच्या खुर्चीवरची ही मुलगी गर्रकन वळली.

"तू मराठी बोलतोस?"

"आम्ही घरात हेच बोलतो."

"पण म्हावरा म्हणजे काय?"

"मासे गं. तुम्ही काय म्हणता?"

"मासेच म्हणतो," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात मी गेलो. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे.

त्यातून आमची वेबसाइट निघाली, 'तुमचं-आमचं'. एका बाजूला तिच्या घरातला शब्द, दुसऱ्या बाजूला माझ्या. मावशी आणि खाला. वरण आणि सालन, ज्यावर आम्ही तासभर भांडलो, कारण वरण म्हणजे सालन नव्हेच. लिखाण ती तपासायची. माझं मराठी लिहिणं जे काही सुधारलं ते तिच्या लाल शाईमुळे. डोमेनचा खर्च सुटावा म्हणून आम्ही साइटवर जाहिराती लावल्या. त्यातून करक चहाचा एक कप सुटला नाही, पण करमणूक भरपूर झाली. म्हावऱ्याच्या पानावर मत्स्यालयाचे पंप यायचे. सांदणांवर मी इतकं प्रेमाने लिहिलं, नारळाच्या दुधासकट, तर खाली तंबू आणि दोरखंड! सांदण नावाची एक दरी आहे आणि लोक तिथे ट्रेकला जातात, हे ईशाने मला सांगितलं. जाहिरात पाठवणाऱ्या यंत्राला तांदळाचं पीठ आणि डोंगराची कपार एकच.

साइटसाठी आम्ही एक सामाईक खातं काढलं होतं. दोघंही आळशी, त्यामुळे दोघांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर तेच कायम उघडं. मग लक्षात आलं की ती जे शोधते त्याच्या जाहिराती मला दिसतात आणि मी शोधतो ते तिला. दुसऱ्या कुणी खातं बंद केलं असतं. आम्ही त्याचा खेळ केला. मी सकाळच्या लेक्चरला झोपून राहिलो की ती दिवसभर गजराची घड्याळं शोधायची, आणि संध्याकाळी मी क्रिकेटचा स्कोअर बघायला जावं तर चहूकडून गजर. ती परीक्षेच्या वेळी घाबरली की मी आइस्क्रीम शोधत बसायचो. एकदा भांडण झालं तेव्हा तिने मला तीन दिवस निवडुंग पाठवले. मिटलं तेव्हा गुलाबाची रोपं आली.

मला या खेळाची चटक लागली, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. तोंडाने सांगायचं ते कसं सांगणार होतो? ती त्या घरची, मी या घरचा. नुसत्या नावांवरूनच दोन्हीकडे काय आगडोंब उसळेल ते दोघांना ठाऊक होतं. म्हणून आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही, पण तो विषय कायम आमच्या मध्ये बसलेला असायचा. मला तिच्याशी लग्न करायचं होतं. जगात दुसरं काही मला इतकं पुरं करायचं नव्हतं.

हिवाळी सुट्टीत ती आईवडिलांबरोबर साताऱ्याला निघाली. आदल्या दिवशी अल सद्दच्या चहाच्या टपरीवर भेटलो. ती चहाचा कागदी कप नुसताच फिरवत होती.

"मी घरी विषय काढणार आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

"आहे एक."

मी मान हलवली. मूर्खासारखी नुसती मान हलवली आणि तिला विचारलं, की 'सुपारी' या पानाचं लिखाण कधी देणार. ती म्हणाली, देते.

माझी एक परीक्षा पुढे ढकललेली होती, ती सुट्टीतच आली. अभ्यासाचं पुस्तक छातीवर घेऊन पडलो होतो, तेवढ्यात तिचा मेसेज आला. दोनच वाक्यं. 'विषय काढला. खलास.'

मी उडालोच पलंगावरून. आता हे नीट सांगितलं पाहिजे. हा अरबी शब्द मी दोह्यात बालवाडीपासून ऐकतोय, झालं, ठरलं या अर्थाने. शिंपी खलास म्हणाला की कपडे तयार. ऑफिसातल्या माणसाने शिक्का मारून खलास म्हटलं की आपलं काम झालं, घरी जा. भाव ठरला, खलास. दोन्ही बाजू राजी, खलास. आमच्या घरात बाबा दाराला कुलूप लावूनसुद्धा खलास म्हणतात. मला त्या शब्दात आनंदाशिवाय काही ऐकूच आलं नाही. मी उत्तर पाठवलं: 'बरं झालं! जीव भांड्यात पडला. यल्ला, परीक्षा संपली की बोलू.'

तिचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, पाहुण्यांत असेल.

दोन दिवसांनी लेहंगे सुरू झाले. मी डेटाबेसच्या नोट्स उघडाव्यात आणि बाजूला मरून लेहंगा. हवामान बघावं तर मेंदीचे कोन. मग साताऱ्यातले हॉल, फुलांची आरास, नऊवारी शिवून देणाऱ्या बायका. मी एकटाच हसत होतो. काय ही पोरगी! तोंडाने एक अक्षर बोलली नाही आणि अख्खा मांडव पाठवून दिला. अम्मीने दारातून डोकं आत घातलं.

"काय झाला रे? याडा झालास काय?"

"काय नाय, अम्मी. सांगतो नंतर."

आणि मग मी माझं उत्तर दिलं. त्या दिवशी डेटाबेसला सुट्टी. दुपारभर अंगठ्या शोधल्या. सोन्याच्या, हिऱ्याच्या, साध्या, दोन पदरी, माझ्या बापजन्मी परवडणार नाहीत अशा. प्रत्येक दुकानात शिरलो, प्रत्येक अंगठी मोठी करून बघितली, त्या यंत्राला काही संशय राहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला ठाऊक होतं, साताऱ्यात तिच्या फोनवर आता अंगठ्यांचा पाऊस पडत असणार, आणि ती ओठ दाबून हसत असणार. माझ्या मते मी तिला रीतसर मागणी घातली होती.

फोन केला नाही. परीक्षा होती, तिच्या घरात माणसं होती, आणि खरं सांगायचं तर मागणी घालून झाली होती, आता आणखी काय बोलायचं? काही दिवसांनी लेहंगे थांबले. नंतर माझ्याच अंगठ्या फिरून फिरून मला दिसायला लागल्या. खेळाचा कंटाळा आला असेल तिला, असं वाटलं.

ती परत आली ते मला दुसऱ्या एका मुलीकडून कळलं. मी मेसेज केला, तिने भेटायची वेळ कळवली, अल सद्द मेट्रोच्या बाहेर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ती आली, तर तिच्या हातांवर उडत चाललेली मेंदी होती.

"कॉलेजातून कागद घ्यायला आलेय," ती म्हणाली. "बाबा कॉन्ट्रॅक्ट लवकर सोडतायत. पुढचं वर्ष मी पुण्यात करणार. साखरपुडा झाला माझा, राहिल."

"कुणाशी?" मी विचारलं.

"तू ओळखत नाहीस."

"पण तूच म्हणालीस ना, खलास म्हणून! सगळं ठरलं म्हणून!"

मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"खलास म्हणजे संपलं, राहिल. मी तुझं नाव घेतलं आणि बाबा ताटावरून उठले. संपलं सगळं, असं लिहिलं मी तुला. तर तुझं उत्तर काय, की बरं झालं. जीव भांड्यात पडला."

मी बाजूच्या कठड्यावर बसलो. तीही बसली, थोडं अंतर ठेवून.

"आणि ते लेहंगे?"

"कुठले लेहंगे?" तिला आठवायला वेळ लागला. "काकू बघत होत्या. माझा फोन घेऊन. मी आत रडत होते आणि बाहेर त्या रंग निवडत होत्या."

त्या यंत्राला लेहंगा तेवढा दिसला होता. फोन कुणाच्या हातात आहे आणि आतल्या खोलीत कोण रडतंय, हे त्याला कुठून कळणार? पण मला कळायला हवं होतं. मी माणूस होतो, तिला ओळखत होतो.

"अंगठ्या दिसल्या तुला?" मी विचारलं.

"दिसल्या." तिने मेंदीचे हात ओढणीखाली घेतले. "आधी वाटलं काकूंच्याच असतील. मग ते दोह्यातलं दुकान दिसलं आणि कळलं, तू आहेस. मी आईच्या पाया पडले. म्हटलं, बाबांनी आणलेल्या स्थळाला आठ दिवस होकार कळवू नकोस. तो मागे हटलेला नाही, त्याचा फोन येईल, तो बाबांशी बोलेल. आईने थांबवलं रे. तिने माझ्यासाठी बाबांशी खोटं बोलून आठ दिवस थांबवलं. रोज सकाळी विचारायची, आला का?"

मेट्रोतून माणसं बाहेर येत होती, आमच्या पुढून जात होती. मला रडू आवरेना. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत मी बोलायला लागलो. लॅबमध्ये ती गर्रकन वळली तिथपासून सगळं. मला तिच्याशीच लग्न करायचं होतं, घरी मार खाल्ला असता, साताऱ्याला येऊन तिच्या बाबांच्या दारात बसलो असतो, काहीही केलं असतं. तिच्याशिवाय मला हे शहर नको होतं. थांबत थांबत, चुकत, अर्धं आमच्या कोकणीत, पण सगळं बोललो. तिने एकदाही मध्ये अडवलं नाही.

माझं बोलून झालं तेव्हा तिने ओढणीने डोळे पुसले आणि ती उठली.

"एवढंच बोलायचं होतंस," ती म्हणाली, आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरून गेली.