पेडलखालचा ठोकळा

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. आज मी ट्रकच्या मागच्या चाकाखाली, ऑइलने काळ्या झालेल्या चिखलात रुतून असतो. पण माझी खरी जागा केबिनमध्ये होती. तिथे बसून मी एका माणसाचा पगार राखत होतो. तो माझ्या डोळ्यांदेखत कसा हिरावला गेला, ते ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दाराची चौकट करून उरलेला मी तुकडा. एक दिवस सुताराच्या बहिणीचा नवरा तिथे आला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याच्या मालकाने प्रत्येक फेरीचे डिझेल ठरवून दिले होते. त्यापेक्षा जास्त लागले, तर ते ड्रायव्हरच्या पगारातून कापले जाई. कापलेला पगार बायकोच्या हातावर ठेवून तो बिचारा विटला होता.

"मला एक ठोकळा करून दे," तो म्हणाला. "ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली ठोकतो. म्हणजे पाय कितीही रेटला तरी पेडल अर्ध्यावर अडेल."

"दाजी, पाय तुमचाच आहे ना? मग त्यालाच दम द्या की!"

"ऐकत नाही रे तो. मोकळा रस्ता दिसला की आपोआप दाबला जातो."

"आणि एवढ्याशा लाकडानं डिझेल वाचणार?"

"तू वाऱ्यात प्लायवूड आडवं धरून चालतोस ना? पळून बघ एकदा."

सुतार हसला. "प्लायवूडसकट मागे जाऊन पडेन."

"माझ्या ट्रकचं तोंड तर त्या प्लायवूडपेक्षा मोठं. जितका जोरात जाईन, तितकी हवा अंगावर येते. तिला ढकलायला डिझेलच जळतं."

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून भरधाव पळणारा ट्रक थोडा वेळ वाचवतो आणि डिझेल मात्र घटाघटा पितो.

सुताराने मला रंधा मारला, कडा घासल्या आणि मी पेडलखाली जाऊन बसलो. सुरुवातीला ड्रायव्हरचा पाय सवयीने माझ्यावर आपटायचा. मी हललो नाही. इतर ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून जात. जेवायला सगळे एका ठिकाणी थांबत, तेव्हा टवाळी सुरू होई.

"या, सावकाशराव! नातवाच्या लग्नाला तरी वेळेवर पोहोचाल ना?"

"पोहोचेन," माझा ड्रायव्हर म्हणे, "आणि अख्खा पगार घेऊन पोहोचेन."

खरेच तसे झाले. पगार अख्खा घरी जाऊ लागला. टाकीच्या तळाशी डिझेलही उरू लागले. तेच मालकाच्या नजरेला आले. त्याने विचारले आणि माझ्या भोळ्या ड्रायव्हरने मला काढून त्याच्या टेबलावर ठेवले. काय माझे कौतुक झाले! मालकाने सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून मला उंच धरले. "याला म्हणतात डोकं!" तो म्हणाला. त्या दिवशी पेडलखाली परत जाताना मी फुगून गेलो होतो.

पुढच्याच महिन्यात मालकाने सगळ्या ट्रकांचे डिझेल कमी केले. आता ठोकळा बसवूनही जेमतेम पुरेल, एवढेच मिळू लागले. जेवणाच्या बाकावर माझ्या ड्रायव्हरशेजारी कुणी बसेना.

"हुशारी स्वतःपुरती ठेवायची होतीस," एक जण ताट उचलून जाता जाता म्हणाला.

एवढ्यावर भागले नाही. मालकाला एक मोठा व्यापारी मिळाला. त्याला माल लवकर हवा होता.

"मालक, दोन्ही एकदम नाही जमणार," माझा ड्रायव्हर म्हणाला. "लवकर पोहोचायचं तर डिझेल वाढवून द्या. डिझेल वाचवायचं तर वेळ द्या."

"एवढ्यात भागतं हे तूच दाखवलंस ना?"

"हळू चालवलं म्हणून भागलं, मालक."

"मग तो ठोकळा काढून टाक आणि जरा पाय चालव."

त्याने मला उपटून सीटखाली टाकले. ट्रक सुसाट धावू लागला. कमी पडलेले डिझेल ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून भरू लागला. महिना संपायच्या आधी खिसा रिकामा झाला. शेवटच्या फेरीला त्याने डिझेलचा काटा पाहत, जीव मुठीत धरून गाडी हाकली. एका चढावर इंजिनाने दोन गचके दिले आणि ते बंद पडले. ट्रक मागे घरंगळू नये म्हणून त्याने मला चाकाखाली सरकवले. डिझेल मागवले, टाकी कोरडी पडल्यामुळे पाइपात शिरलेली हवा मेकॅनिकने काढली, पण तोवर उशीर झाला होता. व्यापाऱ्याने माल परत पाठवला.

आवारात मालक एवढेच म्हणाला, "तुला गाडी जमत नाही. सामान काढ."

माझ्या ड्रायव्हरने अंथरूण गुंडाळले, डबा घेतला. मग वाकून माझ्याकडे पाहिले. "हा तेवढा नेऊ का? मेहुण्यानं करून दिलाय."

"गाडीतलं काही न्यायचं नाही," मालक म्हणाला. "आणि चाकाखाली काय घालू?"

ज्यांचे डिझेल कमी झाले होते, ते बाकीचे ड्रायव्हर आपापल्या टायरांकडे पाहत राहिले. माझा ड्रायव्हर फाटकातून बाहेर गेला. नवा ड्रायव्हर केबिनमध्ये चढला. त्यालाही तेवढेच डिझेल आणि तेवढाच वेळ मिळाला आहे.

मित्रांनो, गाडी हळू चालवा, इंधन वाचवा, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. ते खरेच आहे, तसेच करा. पण उद्या तुमच्या हाताखाली माणसे येतील. त्यांच्यातला एखादा जपून काम करून चार थेंब वाचवील आणि आनंदाने तुम्हाला दाखवायला येईल. ते थेंब त्याचे त्याला राहू द्या.