गाजर आमचे, खिंकाळी दुसरीला

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे मी कुणाला नावे ठेवली तर त्यातले निम्मे तुम्ही सोडून द्याल.

माझा जन्म इंग्लंडमधल्या लडलो गावी, एका पत्रेकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. जाड पत्रा, त्यावर जस्ताचा मुलामा, दोन कान आणि त्यांत अडकवलेली कडी. हेस्टर पार्जेटरच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि टेकडीखालच्या त्यांच्या घरी आणले. तिथे मी आधी वासरांना दूध पाजले, मग कोळसा वाहिला. त्या दिवसांत मला स्वयंपाकघरातल्या चहाच्या किटलीचा फार हेवा वाटे. ओझे मी वाहायचे आणि लोकरीचे टोपरे मात्र तिला! थंडीच्या दिवसांत मी दाराबाहेर कुडकुडत असे आणि ती टोपरे घालून टेबलावर बसलेली असे.

वडील गेल्यावर हेस्टरने मला घासूनपुसून घोड्यांच्या कामाला लावले. तिच्याकडे थिंबल नावाचे एक म्हातारे तट्टू होते आणि डॅमसन नावाची घोडी होती, पिकल्या जांभळाच्या रंगाची. टपाल कचेरीत कामाला जाण्याआधी हेस्टर रोज सकाळी माझ्यात डॅमसनची चंदी कालवी. ओट, कोंडा आणि बिटाचा भिजवलेला चोथा. मग मला उचलून ती मागच्या दाराने बाहेर पडे. पायरी उतरताना माझी कडी खणखणे आणि कुरणाच्या टोकाला असलेली डॅमसन मान उंचावून खिंकाळे. ती खिंकाळी माझ्यासाठी असते असे मी धरून चालले होते. हेस्टर धरून चालली होती की ती तिच्यासाठी असते. दोघींचाही गैरसमज सुखाचा होता, म्हणून आमचे कधी भांडण झाले नाही.

गेल्या उन्हाळ्यात थिंबल म्हातारपणाने गेले. पानगळीच्या दिवसांत हेस्टर ओल्या दगडावरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. हिवाळाभर काही जड उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आता डॅमसनचे कोण करणार? हेस्टरचा नवरा लेन स्वभावाने सोन्यासारखा, पण घोड्यांच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नव्हता. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. लेन घोड्याच्या पुढूनही जात नसे.

"हिवाळाभर ब्रॉनवेनकडे ठेव की तिला," तो म्हणाला.

ब्रॉनवेन प्रॉसरचा तबेला टेकडीपलीकडे होता. लोक आपले घोडे तिच्याकडे ठेवत. दाणापाणी, लीद काढणे, खरारा, फिरवणे हे सगळे ती बघे आणि महिन्याला पैसे घेई. ती आणि हेस्टर एका वर्गातल्या. त्यांची ओळख शाळेपासूनची होती आणि चढाओढही शाळेपासूनचीच.

"ब्रॉनवेनकडे? त्यापेक्षा सर्कशीत देईन."

"सर्कसवाले घेणार नाहीत, हेस्टर. गाजर दाखवल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही."

"आपलं कुरण आहे, आपला तबेला आहे. मग आपली घोडी लोकांच्या दारात कशाला?"

"कुरण आहे गं, पण कंबर कुठाय? आधी स्वतः धड उभी राहा. वसंतात आण परत, मी अडवतोय का?"

तेव्हा ठरले की वसंतापर्यंतच ठेवायचे. डॅमसन गेली आणि मला खुंटीला अडकवले. रिकामे लटकण्याचा अनुभव तुम्हाला नसेल. दिवस फार लांब होतो.

नाताळ उरकल्यावर हेस्टर काठी टेकत हिंडू लागली आणि एका रविवारी तिने मला गाजरांनी भरून मोटारीत शेजारच्या जागेवर ठेवले. लेनने गाडी चालवली. ब्रॉनवेनच्या तबेल्यात घोड्यांचे खण ओळीने होते आणि प्रत्येक खणासमोर ज्याची त्याची बादली होती. डॅमसनच्या दारासमोर एक निळी रबरी बादली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'डॅमसन' असे नाव घातलेले होते. इतकी वर्षे मी तिला खाऊ घातले, पण माझ्यावर कुणी कधी नाव घातले नव्हते. मला तर समोर सवतच दिसली.

हेस्टरने हाक मारली. डॅमसनने तिच्या हातातले गाजर घेतले, कुडुमकुडुम चावले आणि दुसरे घेतले. एवढ्यात तिचे कान टवकारले. तबेल्याच्या कोपऱ्यावरून ब्रॉनवेन येत होती. एका हातात चंदीची दुसरी बादली होती, दुसऱ्या हातात बार्नबी नावाच्या तिच्या म्हाताऱ्या कबऱ्या घोड्याची दोरी होती. हेस्टरच्या खांद्यावरून पलीकडे बघत डॅमसन अशी खिंकाळली की खणाचे दार थरथरले. गाजर आमचे आणि खिंकाळी दुसरीला!

"मला बघितलं की अशीच करते बघ," ब्रॉनवेन म्हणाली. "लळाच लागलाय पोरीला."

"भूक लागली असेल," हेस्टर म्हणाली.

"आत्ताच पोटभर खाल्लंय तिनं."

परतीच्या वाटेवर हेस्टर मला मांडीवर घट्ट धरून बसली. लेनने हवामानाचा विषय काढून पाहिला, पण तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि माझ्याही पत्र्याची आग होत होती.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी आम्हाला तिथे काही ना काही खुपले. झूल फार आवळली आहे. पाणी गार आहे. गवताला वास येतो. खरे तर डॅमसनच्या अंगावर तुकतुकी आली होती, आणि तेच आम्हाला सहन होत नव्हते. ती अशक्त दिसली असती तर हेस्टरला राग आला असता, पण तिला सुखाने झोप लागली असती. मित्रांनो, हेवा असा उफराटा असतो.

शेवटी आयाळीवरून ठिणगी पडली. एका रविवारी डॅमसनची आयाळ कापून आखूड केलेली दिसली.

"ही कुणी कापली?" हेस्टरने विचारले.

"मी. केवढा तो झाडू वाढवला होतास तू!"

"मला विचारायचं होतंस."

"अगं, केसच आहेत ते. येतील परत."

"माझ्या घोडीचे केस आहेत, ब्रॉनवेन! तुझ्याकडे राहायला ठेवलीये, दत्तक नाही दिली. शनिवारी घेऊन जाते मी तिला."

"या काठीवर? ने, ने. बघू कोण कुणाला सांभाळतंय."

घरी आल्यावर लेनने बिचकत एकच गोष्ट विचारली. "थिंबल तर गेलं. मग तिच्या सोबतीला इथे कोण आहे?"

"मी आहे," हेस्टर म्हणाली. "दिवसभर घरातच तर असते."

जन्म घोड्यांत काढलेली ही बाई. एकटा घोडा झुरतो, हे तिला कळत नव्हते असे नाही. पण हेव्याने तिच्या डोळ्यांवर झापडे बांधली होती. मी तरी काय वेगळी होते? शनिवारी तिने मला काठोकाठ भरले, तेव्हा माझ्यासारखी सुखी बादली साऱ्या परगण्यात नसेल.

डॅमसन गाडीतून उतरली, कुरणाला एक फेरी मारून आली आणि टेकडीच्या बाजूच्या कुंपणाशी जाऊन खिंकाळली. मग थांबून तिने कान लावले. मग पुन्हा खिंकाळली. पायरीवर माझी कडी खणखणली तेव्हा तिने एक कान आमच्याकडे वळवला आणि लगेच परत टेकडीकडे नेला. संध्याकाळी चंदी माझ्यात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. कुंपणालगत येरझाऱ्या घालून घालून तिने चिखलाची वाट पाडली. तिचे अंग घामाने भिजू लागले आणि बरगड्या वर आल्या. ज्या खिंकाळीसाठी आम्ही तिला घरी आणले, ती आता सकाळपासून अंधार पडेपर्यंत ऐकू येत होती. फक्त ती आमच्यासाठी नव्हती. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. ही अशीच उपाशी राहून धावत राहिली तर पोटात पीळ पडेल आणि मग ती हाती लागायची नाही, असे तो स्पष्ट म्हणाला.

"तिला ब्रॉनवेन हवीये," हेस्टर खिडकीशी उभी राहून रडत म्हणाली. "शिंगरू असल्यापासून मी वाढवलं आणि हिला हवीये ब्रॉनवेन!"

"मग बोलाव तिला," लेन म्हणाला.

"मेले तरी बोलावणार नाही."

पण डॅमसन डोळ्यांसमोर खंगत होती. दुपारी हेस्टरने फोन उचलला. "ये आणि समजाव तुझ्या लाडकीला," एवढेच बोलून तिने तो ठेवला.

ब्रॉनवेन थोड्याच वेळात आली. ती बार्नबीचा डोळा डॉक्टरला दाखवून घरी परतत होती, म्हणून तिच्या मोटारीला घोडे न्यायची बंद गाडी जोडलेली होती. गाडी फाटकाबाहेर उभी करून ती निळी बादली हलवत कुरणात आली. चेहऱ्यावरचे हसू तिला लपवता येत नव्हते.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "ये गं माझी राणी, ये!"

हेस्टरने मलाही कुंपणाशी नेऊन ठेवले होते. आम्ही दोघी बादल्या शेजारीशेजारी आणि मागे त्या दोघी बायका. डॅमसनने चौघींकडे एकदा पाहिले, नाक फेंदारले आणि पाठ फिरवून ती पुन्हा टेकडीकडे बघू लागली. ब्रॉनवेनचे हसू मावळले. त्या निळीची जिरलेली पाहून मला बरे वाटले, हे मी कशाला लपवू?

"अगं, मी आहे ना," ब्रॉनवेन पडक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या बंद गाडीत बार्नबी खोकल्यासारखा खिंकाळला. आवाज घोगरा होता, त्यात ऐकण्यासारखे काही नव्हते. पण डॅमसन गर्रकन वळली. चिखल उडवत ती आम्हा दोघी बादल्यांच्या मधून धावली. मी एकीकडे लवंडले, निळी दुसरीकडे लोळली. फाटकावर छाती टेकून डॅमसनने जी साद घातली, तशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. आतून बार्नबीने लाथेने गाडीची फळी दणदणवली.

ब्रॉनवेनने निळी बादली उचलून सरळ केली आणि फाटकाकडे पाहिले.

"म्हणजे रोज सकाळी ती..." ब्रॉनवेन म्हणाली.

"त्या ढेरपोट्यासाठी," हेस्टर म्हणाली.

"तो माझ्याबरोबर असायचा गं. मला वाटायचं..."

"मलाही तेच वाटायचं."

आणि मग दोघी कुंपणाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

हसून झाल्यावर मात्र खरा प्रश्न समोर उभा राहिला. ब्रॉनवेनने फाटकाकडे बघत म्हटले, "बार्नबीला ठेवून घे इथंच. म्हातारा झालाय. तुझ्या कुरणात सुखानं राहील." बार्नबी तिचा पहिला घोडा होता.

मित्रांनो, मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. हेस्टरने नुसते हो म्हणायचा अवकाश, डॅमसन घरी राहिली असती, उद्या सकाळी मी भरले असते आणि त्या निळीचे तोंडही पाहावे लागले नसते.

हेस्टरने कुरणातल्या चिखलाच्या वाटेकडे पाहिले, मग हातातल्या काठीकडे. "दोघांची लीद कोण काढणार?" ती म्हणाली. "लेन?"

"मी खिडकीतून लक्ष ठेवीन," दारातून लेन म्हणाला.

"ऐकलंस? ने तिला, ब्रॉनवेन."

"वसंतापर्यंत ना?"

"नाही. आता तिकडेच राहू दे. तिचं घर त्याच्यापाशी झालंय." मग ती म्हणाली, "आणि ऐक. तोंडाला म्होरकी घालायच्या आधी डाव्या कानामागे खाजवायचं. मग ती स्वतःहून मान खाली करते."

ब्रॉनवेनने तिच्याकडे रोखून पाहिले. "आख्खा हिवाळा मी स्टुलावर चढून म्होरकी घातली, हेस्टर!"

"ठाऊक आहे. बघत होते मी."

"दुष्ट आहेस."

"आहे," हेस्टर म्हणाली आणि तिने डॅमसनच्या डाव्या कानामागे खाजवले. घोडीने मान खाली केली. हेस्टरने म्होरकी चढवली आणि क्षणभर आपले कपाळ तिच्या कपाळाला टेकवले. गाडीच्या उतरत्या फळीवरून डॅमसन स्वतःच चढून आत गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. हेस्टरने फळी उचलून आपल्या हाताने कडी लावली आणि गाडी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.

मग तिने मला उचलले. माझ्यात उरलेली चंदी पाखरांना टाकली, मला नळाखाली धुतले, आपल्या ॲप्रनला पुसले आणि स्वयंपाकघरात किटलीशेजारी आणून ठेवले. दोघी सोबतीने बसून राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला तेलपाणी नको आणि नवा मुलामाही नको. ज्याचे तुम्ही प्रेमाने सगळे करता, त्याला तुमच्याखेरीज आणखी कुणाची गरज आहे, हे कधीतरी बघा. ते बघून पोटात दुखेल. दुखू द्या, पण तेवढ्यासाठी त्याला आपल्या कुंपणात कोंडू नका.

आता दर रविवारी आम्ही गाजरे घेऊन तिकडे जातो. डॅमसन आणि बार्नबी एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे असतात. मला अजून हेवा वाटतो आणि हेस्टरलाही वाटतो, माझ्या कडीवर आवळलेल्या तिच्या मुठीवरून मला ते कळते. पण ती हाक मारत नाही. त्यांचे होईपर्यंत आम्ही थांबतो.