माझं नवं इंजिन आणि राजूर घाट

मित्रांनो, धामणगाव बढ्याच्या बाजारात लहान मुलं जिला 'बेडकी' म्हणतात, ती लाल रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी दोन दारांची जुनी गाडी म्हणजे मी. हे नाव मला सुरुवातीला आवडलं नव्हतं. आता सवय झाली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. शर्यतीच्या गाड्यांसारखं माझं अंग हलकं आणि नाक लांब ठेवलं होतं. बोटीनं मी मुंबईला आले आणि तिथून इंदूरच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला बरीच वर्षं जपलं. म्हातारपणी गाडी चालवणं होईना, तेव्हा त्यांनी मला उत्तमरावांना विकलं.

उत्तमरावांचं धामणगावात कृषी केंद्र आहे. बीटी कपाशी नवी होती त्या वर्षांत झाडं बोंडांनी लदबदलेली असत आणि बियाण्यासाठी त्यांच्या दुकानापुढे रांग लागे. त्याच बरकतीच्या काळात त्यांनी मला आणलं. गावात माझं कौतुक झालं. लग्नसराईत नवरदेव माझ्यात बसूनच मांडवात जायचे.

पण माझं इंजिन लहान आणि थकलेलं. बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूर घाट चढताना मला धाप लागे. मागून विटांचा ट्रक यायचा आणि हॉर्न वाजवत पुढे निघून जायचा. उत्तमरावांना ते फार लागे. शेवटी त्यांनी अकोल्याच्या जुन्या बाजारातून एका मोठ्या गाडीचं दणकट इंजिन आणलं आणि मला हबीब मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभं केलं.

हबीबभाई माझ्याखाली शिरले. बराच वेळ टॉर्च फिरवून बाहेर आले.

"उत्तमभाऊ, इंजिन बसते," ते म्हणाले. "पण तेवढ्यानं भागत नाही. इंजिनचा जोर क्लचमधून गिअरबॉक्सात जाते, तिथून लंब्या शाफ्टनं मागच्या चाकाइले. हे सारं जुन्या इंजिनच्या मापाचं हाय. याले हा जोर झेपणार नाही."

"तू आधी इंजिन त बसव," उत्तमराव म्हणाले. "बाकीचं पाहू मंग."

इंजिन बसलं. किल्ली फिरवली तेव्हा माझ्या अंगातून जो आवाज निघाला, तो ऐकून मी स्वतःच दचकले. सपाट रस्त्यावर मी वाऱ्यासारखी गेले. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर उत्तमरावांनी जोरात पाय दाबला आणि माझ्या मागच्या बाजूला काहीतरी कडाडलं. चाकांना ताकद देणाऱ्या दात्यांचे तुकडे झाले होते. इंजिन गुरगुरत राहिलं आणि मी हळूहळू उलटी घरंगळू लागले. उत्तमरावांनी हातब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला आणि कठड्यावर बसून राहिले. आजूबाजूची माकडं माझ्या टपावर चढली. ट्रॅक्टरला बांधून मला परत आणलं, तेव्हा बाजारात बरेच लोक हसले.

या वेळी उत्तमरावांनी हबीबभाईंना घाई केली नाही. हबीबभाईंनी माझा क्लच बदलला. त्याच मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला. शाफ्ट नवा करून घेतला. मागचे दाते आणि चाकांचे आस जाड घातले. शेवटी ब्रेकही मोठे बसवले.

"ब्रेक काऊन बदलून राह्यला?" उत्तमरावांनी विचारलं.

"जोर वाढवला, त थांबाची ताकदही वाढवा लागते," हबीबभाई म्हणाले. या बदलाची परवानगीही त्यांनी उत्तमरावांना आरटीओकडून रीतसर काढून आणायला लावली.

त्याच हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटीला अळी लागत नाही असं सांगून बियाणं विकलं होतं, पण बोंड फोडलं की आत अळी दिसायची. घाबरलेले शेतकरी फवारणीवर फवारणी करू लागले. दोन-तीन औषधं एकत्र करून मागू लागले. उत्तमराव देत राहिले. "हे जोराचं हाय," असं सांगून बाटली पुढे करणाऱ्या उत्तमरावांना मी रोज पाहत होते, कारण मी दुकानासमोरच उभी असे.

गावातला प्रेमानंद आपल्या शेतात फवारायचा आणि मजुरीनं दुसऱ्यांच्याही. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पाय उघडे. एका दुपारी त्याची बायको धम्मशीला त्याला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर धरून दुकानापाशी आली. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि अंग घामानं निथळत होतं.

"भाऊ, यायले कायी दिसून नाही राह्यलं," ती म्हणाली. "दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली म्हणतात."

उत्तमरावांनी प्रेमानंदचा औषधानं भिजलेला सदरा काढायला लावला आणि नळाखाली त्याचं अंग धुतलं. कोणतं औषध होतं ते विचारून त्याची बाटली बरोबर घेतली. प्रेमानंदला त्यांनी पुढच्या सीटवर कुशीवर कलतं केलं. मागच्या चिंचोळ्या जागेत धम्मशीला बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

आम्ही बुलढाण्याकडे निघालो आणि वाटेतलं मोताळा गाव मागे पडलं. घाट आला. प्रेमानंदचा श्वास घुरघुरत होता. मी पहिल्या वळणाशी आले तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण दाते टिकले, शाफ्ट टिकला. समोरून अचानक एसटी आली तेव्हा ब्रेकही टिकले. धम्मशीला सारखी नवऱ्याचं नाव घेत होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच उपचार सुरू केले. प्रेमानंद वाचला. बरेच दिवस तो तिथेच होता. घरी न्यायला आम्हीच गेलो, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर धम्मशीलानं उत्तमरावांना विचारलं,

"भाऊ, गाडीत मोठं इंजिन टाकलं त तिचं खालचं सारं बदललं म्हणे तुमी. मंग यायले जोराचं औषध देलं, तवा आंगावर घालाले काय देलं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. "कायीच नाही देलं," उत्तमराव म्हणाले.

त्यानंतर दुकानात हातमोजे, मास्क आणि चष्मे आले. ते घेतल्याशिवाय उत्तमराव बाटली हातात देत नाहीत. औषधं एकत्र करूनही देत नाहीत. काही गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्या दुकानात गेली. प्रेमानंदची नजर अजून पुरती सुधारलेली नाही. तो आता फवारत नाही, शेळ्या पाळतो.

मी अजून चालते. हबीबभाई मधूनमधून माझं तेल बघतात, नटबोल्ट आवळतात, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे. माझं एकच मागणं आहे. मित्रांनो, तुमचे बाबा किंवा काका पंप पाठीला लावून निघाले, की जरा दारात आडवे उभे राहा. हातात मोजे आहेत का, तोंडाला मास्क आहे का, पायात बूट आहेत का, ते पाहा. नसतील तर त्यांना जाऊ देऊ नका. ते चिडतील, चिडू द्या. राजूर घाट मी पुन्हा कितीही वेळा चढेन, पण माझ्या पुढच्या सीटवर मला पुन्हा कुणी तसं झोपवलेलं नको आहे.