मडकं बाहेर न्या

सुकलूने मडक्यावरचं फडकं चौथ्यांदा सारलं, नाक आत घातलं, डोळे मिटले. काहीच नाही. साध्या पाण्याच्या रांजणावर वाकल्यासारखं.

मडक्यात भिजलेली मोहफुलं होती, गूळ, भाजून कुटलेली मेथी, चिमूटभर ओवा आणि जवसाच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, चुरा. तीन-चार दिवस मुरलं की त्याचा रस व्हायचा. कणकेची गोळी त्यात बुडवून गरीच्या गळाला लावली, की तळाशी निजलेला रोहूही उठून येतो, असं मूल गावाकडचे गरीवाले सांगत. कच्चा रस मासा हुंगून सोडतो, आंबून गेलेला तर हुंगायलाही येत नाही. मधला एकच दिवस खरा, आणि तो नाकानेच ओळखायचा.

सुकलूचं नाक तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. चारचौघांत तो रसाचं बोट नाकाशी न्यायचा, मान डोलवायचा. राइस मिलमधली पोती पाठीने कधीच सोडली होती. गावात त्याचं नाव उरलं होतं ते या रसापुरतं. बिननाकाच्या माणसाचा रस कोण नेईल?

निभावलं ते बायकोच्या, सोमारीच्या, तोंडावर. चुलीच्या उबेला ठेवलेल्या मडक्यावर ती दोन दिवस नुसती कुरकुरायची. मग एके दिवशी कडाडायची, "न्या ते मडकं बाहेर. घरात मानसं राह्यतेत का डुकरं?" की समजायचं, रस झाला. तो मुकाट मडकं अंगणात न्यायचा आणि गाळायला बसायचा.

गेल्या माघात ती भाचीच्या लग्नाला गेली, तेव्हा त्याने अंदाजाने गाळला. तो रस नेलेले गुणवंतराव मास्तर तलावावरून रिकामी पिशवी घेऊन आले. "सुकलूभाऊ, मच्छीले उपास होता वाटते," एवढंच हसून म्हणाले. ते हसू त्याला अजून आठवत होतं.

आता सोमारी लेकीच्या बाळंतपणाला चिमूरला गेलेली, सव्वा महिन्यासाठी. निघण्याआधी कुंपणाशी उभी राहून शेजारच्या सुनेशी, अन्नपूर्णेशी, बराच वेळ बोलत होती. कोंबड्यांचं सांगत असेल, असं सुकलूला वाटलं. आणि उद्या रविवार. मास्तर यायचे होते.

दुपार कलली. यंदा जमलं नाही म्हणून सांगावं, असं ठरवून तो मडकं उचलून परसात ओतायला निघाला.

"सुकलूभाऊ."

कुंपणापलीकडे अन्नपूर्णा उभी होती. पदर सावरून, खाली बघत, शाळेतली कविता म्हणावी तशी ती म्हणाली, "न्या ते मडकं बाहेर. घरात मानसं राह्यतेत का डुकरं?"

सुकलूने मडकं खाली ठेवलं. तिचे कान लाल झाले.

"सोमारीबाईनं सांगतलं होतं जी. दोन्ही टाइम कुंपनापाशी येऊन वास घेजो, गोडात आंबट मिसरला का भावाले बोलजो म्हने. जोरानं बोलजो म्हने. मले तेवढं नाई जमत."

त्याने विचारलं, "आनखी का म्हनली?"

"काई नाई. भावाले काई विचारू नोको म्हने."

त्याने मडकं अंगणात शेवग्याखाली आणलं. सोमारीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भांड्यावर ताणला आणि मडकं हळूच कलतं केलं. मोहाच्या रंगाची धार उतरू लागली. अन्नपूर्णा अजून कुंपणाशीच होती. त्याने धारेत बोट बुडवलं, सवयीने नाकाकडे नेलं, आणि अर्ध्या वाटेवरून परत आणून धोतराला पुसलं.