पस्तीस मिनिटांचं विमान

नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, ही आमच्याकडची रीत. मयुराचा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ विश्वास, लग्नाच्या सकाळी साडेआठला पुण्याहून दिल्लीजवळच्या जेवरच्या नव्या विमानतळावर उतरला. लग्न दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये, जुन्या विमानतळाला खेटून. मुहूर्त अकरा त्रेपन्नचा. टॅक्सी केली असती तर आरामात पोचला असता.

त्याचा फोन आला. "शेवंते, इथून दिल्लीचं विमान धरतो. सहासष्ट किलोमीटर, पस्तीस मिनिटं. पाच उडायची, तीस चढ-उताराची. वेबसाइटवर आहे."

"अरे दादा, असं विमानच नाहीये! ते नुसतं अंतरावरून केलेलं गणित असतं."

"वेळ लिहिलीय म्हणजे गाडी आहे."

दादा तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता. फळ्यावर वेळ असली की गाडी लागणार, उशिरा का होईना, पण लागणार, या श्रद्धेवर त्यानं जन्म काढला. त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दहाला पुन्हा फोन. "काउंटरवरची मुलगी म्हणते, अंकल, ऐसी कोई फ्लाइट नहीं है. मी म्हटलं, बेटा, रांग लागली की गाडी सोडावीच लागते." त्याच्यामागे नऊ माणसं उभी होती. साडेदहाला चौतीस झाली. रांग कसली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण इथे माणूस आधी उभा राहतो आणि मग विचारतो. दादानं सगळ्यांना नंबरही लिहून दिले होते.

"आता तरी टॅक्सी कर रे, पाया पडते तुझ्या!"

"रांग सोडून? मी पहिला आहे. लोक काय म्हणतील?"

इकडे गुरुजी घाई करू लागले. "कुणीही मामा चालेल." आमच्या सुभेदारसाहेबांनी, म्हणजे मयुराच्या वडिलांनी, युनिटमधल्या धोंडीरामला पुढे केलं. तो बिचारा फेटा सावरत आलाही. मुंडावळ्या बांधून बसलेली मयुरा म्हणाली, "बिल्कुल नाही. माझा मामा येईल तेव्हाच उठेन." अकरा त्रेपन्न झाले, बारा झाले. व्याही घड्याळाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

शेवटी मयुरानंच फोन लावला, स्पीकरवर. "मामा, तुझी गाडी येत नाहीये. रद्द कर."

पलीकडे दादानं घसा खाकरला आणि स्टँडवरच्या त्या खड्या आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दिल्लीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल..." घोषणा मराठीत होती, तरी रांग मोडल्याचा गलका आम्हाला ऐकू आला.

अडीचला तो टॅक्सीतून उतरला तेव्हा डोळे लाल होते. तोवर गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला होता आणि व्याही जेवून जरा निवळले होते. संध्याकाळी दादा मयुराचा हात धरून बोहल्याकडे निघाला आणि मला रडू आवरेना. लेक सासरी चालली म्हणून रडतेय, असंच सगळ्यांना वाटलं. माझ्या लग्नाला दादा आलाच नव्हता. त्या दिवशी फळ्यावरची नऊची गाडी यायची राहिली होती, आणि हा स्टँडवर तिची वाट बघत होता.