सुखदेवबाबांच्या दाराची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. पुण्यात, खराडीतल्या एका फ्लॅटच्या दाराला, अगदी वर, चौकटीच्या माथ्याशी मी असते. मित्रांनो, कडीला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला भीती वाटते. रोज अंधार पडला की वाटते.

माझा जन्म कसबा पेठेतल्या एका कारागिराच्या हातोडीखाली झाला. सुखदेवबाबा तेव्हा मार्केट यार्डात हमाली करत. विदर्भातून आलेल्या या माणसाने गुलटेकडीला स्वतःची खोली बांधली आणि तिच्या दारासाठी मला विकत घेतलं. पहाटे अंधारातच ते उठत, बुद्धवंदना म्हणत आणि मला आवाज न करता काढत, कारण आत लहानगा राकेश झोपलेला असे. त्या हाताचा मला फार लळा होता.

पुढे देशात नव्या कंपन्या आल्या. राकेश कॉम्प्युटर शिकला, खराडीत त्याला नोकरी लागली, घर झालं. नव्या दाराला झकपक लॉक होतं, म्हणून मी माळ्यावरच्या खोक्यात गेले. गरज सरो, वैद्य मरो! मी चांगलीच रुसले होते.

मग सुखदेवबाबांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग घराचा पत्ता. राकेशने घरात बजावलं, "बाबांनी जन्मभर पोती वाहिली. आता त्यांनी काडीही उचलायची नाही." ते प्रेमच होतं. बाबा दिवसभर खुर्चीत बसत आणि पेंगत. घर झोपलं की मात्र ते टक्क जागे. एकदा लॉक उघडून ते थेट हमरस्त्यावर गेले. ट्रकांच्या गर्दीतून वॉचमनने त्यांना परत आणलं.

दुसऱ्याच दिवशी मला खोक्यातून काढून इथे, त्यांचा हात पुरणार नाही इतक्या उंच, ठोकलं. "आता कुठे डोळ्याला डोळा लागेल," सून जया म्हणाली. मी फुशारले.

ती फुशारकी टिकली नाही. एका रात्री फरशीवर स्टूल घासत आणल्याचा आवाज आला. बाबा त्यावर चढले. ओळखीची बोटं मला ओढू लागली. मी सुटले तर ते रस्त्यावर हरवणार. घट्ट राहिले तर तोल जाऊन पडणार. स्टूल डगमगलं, तेवढ्यात जयाने धावत येऊन त्यांच्या कमरेला मिठी घातली.

"पोरी, दार उघड ना वो," बाबा म्हणाले. "गाडी लागली असन. माल कोन उतरवन?"

"बाबा, प्लीज, कुठली गाडी आता? झोपा ना!" राकेश ओरडला आणि मग तिथेच भिंतीला टेकून रडला.

दोघे बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर राकेश दारातच बूट काढत थांबला. "ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या? 'दिवसभर झोपवता, मग रात्री झोप कुठून येणार? दुकानात मिळते का?'"

"आणि आजार बरा होणार नाही, हेही म्हणाल्या," जया हळूच म्हणाली. "पण पाय चालतायत तोवर चालू द्या, म्हणाल्या."

त्या दिवसापासून राकेश संध्याकाळी बाबांना भाजी आणायला घेऊन जाऊ लागला. पहिल्यांदा परतले तेव्हा भरलेली पिशवी बाबांच्या खांद्यावर होती. राकेश ती घ्यायला गेला, तर बाबा म्हणाले, "राहू दे. माहं काम आहे ते." त्या रात्री माझ्याकडे कोणी आलं नाही. आताही कधीकधी स्टूल शोधणारी पावलं येतात. पण पुष्कळ रात्री बाबा गाढ झोपतात.

काल संध्याकाळी भाजीला निघताना राकेश मला काढत होता. बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोन?"

राकेशने मला पूर्ण बाजूला सारलं. पत्त्यामागोमाग बाबा आता मुलालाही विसरले होते. मग तो म्हणाला, "तुमच्याबरोबर चालायला आलोय."

"मंग चला ना. उशीर झाला," असं म्हणत बाबांनी त्याचा हात धरला.

मित्रांनो, तुमच्या घरी असे आजोबा असतील, तर रात्री मला जरूर लावा. पण दिवसा मला काढा आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडा. त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही तरीही.